यादी कोणी बदलली?



आमच्या घरची वंशावळीची जुनी वही एका वादळात भिजून गेली. सुदैवाने त्याआधी मी ती संगणकावर उतरवून नातेवाइकांना पाठवली होती. एका काकांनी नाव सुधारले, आत्याने साल बदलले, भाच्याने 'शेवटची प्रत' असे लिहून यादी परत पाठवली. वर्षभरात अशा चार 'शेवटच्या प्रती' झाल्या. पणजोबांच्या नावापुढे दोन प्रतींत 'जी' आहे, दोनमध्ये नाही. वहीत काय होते, ते कोणी व का बदलले, हे आता कोणालाच सांगता येत नाही. दुरुस्ती करणे ही चूक नव्हती. दुरुस्तीची नोंद न ठेवणे ही चूक होती.

जुन्या दुकानदारांची कीर्दवही आठवा. तीत खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या रकमेची दुरुस्ती नव्या ओळीत होई. संगणकावर हेच काम 'गिट' नावाचे साधन करते. लिनक्स प्रणाली लिहिणाऱ्या अनेक देशांतील माणसांसाठी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये तयार केले. ते विनामूल्य आहे, आणि त्याची अंतर्गत रचना कोणीही पाहू शकतो, सुधारू शकतो.

गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि कारणाची एक ओळ नोंदली जाते. त्या नोंदीला चाळीस अक्षर-अंकांचा ठसा मिळतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, म्हणून गुपचूप केलेला फेरफार लपत नाही. शिवाय यादीची पूर्ण प्रत ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे तिचा सारा इतिहासही असतो. एक घर भिजले तरी दुसऱ्या घरी यादी शाबूत राहते.

२०२० साली करोनाच्या साथीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने देशोदेशीच्या रुग्णांचे आकडे गिटच्या आधाराने सर्वांसाठी खुले ठेवले. मार्च २०२३ पर्यंत ते काम चालले. मागाहून सुधारलेले आकडे कोणालाही पडताळून पाहता येत.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यादी साध्या मजकुराच्या तक्त्यात, म्हणजे 'सीएसव्ही' फाइलमध्ये ठेवावी. तरच गिट ओळीओळीतला फरक दाखवू शकते. जुने फोटो, कागदपत्रांची छायाचित्रे अशा जड फाइलींचे ओझे मात्र गिटला पेलत नाही. त्यांच्यासाठी 'गिट-अ‍ॅनेक्स' आणि 'डीव्हीसी' ही विनामूल्य साधने आहेत. ती मूळ फाइल वेगळ्या जागी ठेवतात आणि गिटमध्ये फक्त तिची खूण ठेवतात. फडताळात कागद आणि वहीत त्याचा क्रमांक, तसेच हे.

आणखी एक सावधगिरी हवी. हयात माणसांच्या जन्मतारखा व पत्ते उघड्या यादीत घालू नयेत. जुने काही न विसरणे हा गिटचा गुण आहे, पण उघड झालेली खाजगी माहिती परत घेताना तोच गुण आड येतो.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी जपलेल्या आहेत. लेखनिकाने कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले असेल. आपण ते आज सुधारून वाचतो. सुधारावे, जरूर सुधारावे. पण जुने नाव पुसू नये. त्याच्याखाली नवे लिहावे आणि कोणी, केव्हा, कशाच्या आधारे ते सांगावे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आणि या रविवारी यादीची पहिली नोंद करा.