मिलिग्रॅमची हमाली

१९०६ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस जिलेटिनच्या गाळणीतून दाब देऊन गाळला. वर राहिलेल्या गाळाने साखर आंबेना, खाली उतरलेल्या पाण्यानेही आंबेना. दोन्ही एकत्र केल्यावर आंबण्याची क्रिया पुन्हा सुरू झाली. ते पाणी आधी उकळून घेतले तरी चालत होते. साखर आंबवणारे एन्झाइम मात्र उकळल्यावर निकामी होते. म्हणजे पाण्यात त्याचा कोणीतरी छोटा, काटक सोबती होता. या सोबत्याला कोएन्झाइम म्हणतात आणि हार्डन यांच्या पाण्यातला हा रेणू आज एनएडी म्हणून ओळखला जातो.

एनएडी पेशीतला हमाल आहे. अन्नाचे विघटन होताना सुटणारे इलेक्ट्रॉन तो उचलतो, तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलापाशी उतरवतो आणि रिकामा होऊन परत फिरतो. तिथून कोएन्झाइम क्यू-१० ते पुढे नेते. १९५७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी ते गाईबैलांच्या हृदयाच्या तंतुकणिकांतून वेगळे केले. त्याची लांब शेपटी मेदात मिसळते, म्हणून ते पटलाच्या आतच फिरू शकते. पुढचा टप्पा सायटोक्रोम-सी या छोट्या प्रथिनाचा. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सीवर संशोधन करून कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली.

शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. ते परत आत येताना एटीपी सिंथेज नावाचे रेण्वीय चक्र फिरवतात आणि पेशीचे ऊर्जेचे चलन असलेले एटीपी बनते. एका वेळी शरीरात पाव किलोहून जास्त एटीपी नसते. पण तेच मोडून पुन्हा जोडले जात असल्याने दिवसाची उलाढाल जवळपास आपल्या वजनाइतकी होते.

हमाल पुन्हा पुन्हा वापरात येतात, म्हणून त्यांचा कच्चा माल मिलिग्रॅममध्येच लागतो. एनएडीसाठी नायसिन हे जीवनसत्त्व प्रौढांना दिवसाला साधारण १४ ते १६ मिलिग्रॅम पुरते. तेवढेही मिळाले नाही तर पेलाग्रा होतो: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते. दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळत असे. ज्वारीतले जादा ल्युसिन हे अमिनो आम्ल त्याला कारण असावे, असे हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. ल्युसिनवर पुढे वाद झाले. पण एकाच धान्यावर भागवण्यातला धोका खराच होता. भाकरीसोबत वरण, दूध आणि नायसिनने समृद्ध शेंगदाणे असले की तो टळतो.

आता औषधांच्या दुकानात क्यू-१० च्या गोळ्या ‘ऊर्जा’ म्हणून विकल्या जातात. क्यू-१० शरीर स्वतःच बनवते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते कमी होते हे खरे. पण गोळ्यांनी त्यांची स्नायुदुखी थांबते का, यावर चाचण्यांचे एकमत नाही. निरोगी माणसाचा थकवा त्यांनी जातो, याला भक्कम पुरावा नाही. नायसिनचे मोठे डोस तर यकृताला इजा करू शकतात. माल तेवढाच असताना हमाल वाढवून काम वाढत नाही. थकवा हटत नसेल, तर गोळ्यांची बाटली घेण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.