पाच उदाहरणे आणि सहावी संख्या

वर्गात एखादा नियम शिकवताना आपण तीन-चार उदाहरणे सोडवून दाखवतो. ती जमली की विद्यार्थी नियम मान्य करतात. उदाहरणांवरून नियम सुचतो हे खरे. पण तेवढ्याने तो सिद्ध होतो का? ४,२९,४९,६७,२९७ या संख्येची हकिगत या दृष्टीने उद्बोधक आहे.

२ पासून आरंभ करून वर्ग करत जाऊ : २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकीत १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. अशा रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असावी, असे मत फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रांतून मांडले. सिद्धता आपल्या हाती नाही, हेही त्याने नमूद केले होते.

६५,५३६ चा वर्ग म्हणजे २ चा ३२ वा घात. त्यात १ मिळवला की सहावी, म्हणजे वरील दहा अंकी संख्या मिळते. ती मूळ आहे की नाही हे सरळ भागून ठरवायचे तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील! लिओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये दाखवून दिले की,

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

पुढे त्याने हेही सिद्ध केले की, या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात भाग जातो.

लांबलचक भागाकार न करताही हे फळ्यावर पटवून देता येते. ६४१ दोन प्रकारे लिहू :

६४१ = ६४० + १ आणि ६४१ = ६२५ + १६

आता ६४० = ५ × १२८; म्हणून ६४० चा चौथा घात = ६२५ × (२ चा २८ वा घात). या घाताला 'क' म्हणू. क − १ चे अवयव पाडल्यास त्यात (६४० + १) हा एक अवयव येतो. म्हणून क − १ ला ६४१ ने भाग जातो. तसेच (६२५ + १६) × (२ चा २८ वा घात) यालाही ६४१ ने भाग जातो, आणि हा गुणाकार म्हणजे क + (२ चा ३२ वा घात). दोहोंची वजाबाकी केली की उरते (२ चा ३२ वा घात) + १, म्हणजे आपलीच संख्या. तिलाही ६४१ ने भाग गेलाच पाहिजे.

या मालिकेतील त्यापुढच्या सत्तावीस संख्याही मूळ नाहीत, हे आता ठाऊक आहे. सहावी फर्मा मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. इतकी उदाहरणे विरुद्ध गेली तरी गणिती निर्णय देत नाहीत, तो याच कारणाने.

म्हणून फळ्यावर चौथे उदाहरण जमले की विद्यार्थ्यांना जरूर विचारावे : पुढचे जमेल कशावरून?