मोती हेलसिंकीला निघतो तेव्हा

"अहो, पण तिकडे थंडी केवढी! बिचारं कुत्रं टिकेल का?" परदेशात नोकरी लागली, देश उत्तरेकडचा आहे आणि घरात कुत्रा आहे असं कळलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच. माणसं टिकतील का, हे कुणी विचारत नाही. फिनलंडचं नाव काढलं तर हा प्रश्न हमखास. आयटीतली बरीच भारतीय कुटुंबं, त्यात आपली मराठीही आली, हेलसिंकी आणि तिला लागून असलेल्या एस्पो शहरात राहतात. नोकियाचं मुख्यालय एस्पोतलंच. यातल्या काहींबरोबर कुत्राही जातो. लेखापुरतं त्याला मोती म्हणू. मोती पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी सापडलेला, आखूड केसांचा, उभ्या कानांचा, अस्सल गावठी.

मोतीला थंडी वाजणार हे खरंच. पण थंडीवर उपाय बाजारात विकत मिळतो. त्याला फिनलंडमध्ये खरं जड जातं ते वेगळंच, आणि तिकडे वळण्याआधी त्याला तिथवर पोचवायला हवं.

कागदपत्रांची वाट लांब आहे, आणि ती लांब का हे कळलं तर चिडचिड थोडी कमी होते. १९८८ मध्ये फिनलंडच्या जंगलात रेबीजची साथ आली. रॅकून डॉग नावाचा कोल्ह्यासारखा रानटी प्राणी ती पसरवत होता. फिनिश सरकारने लस भरलेली आमिषं जंगलात टाकली आणि १९९१ मध्ये देश रेबीजमुक्त झाला. रशियाच्या सीमेलगतच्या जंगलात अशी आमिषं आजही विमानातून टाकली जातात. मग २००७ मध्ये फिनलंडमध्ये एका पिल्लाला रेबीज झाल्याचं उघड झालं. ते पिल्लू भारतातून आणलेलं होतं. ज्या देशाने रेबीज मेहनतीने हद्दपार केला, तो आपल्या मोतीकडे संशयाने पाहतो, यात नवल नाही.

म्हणून क्रम असा. आधी मायक्रोचिप. चिप बसवल्यावर रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मालकांची गाडी इथेच अडते, कारण मोतीला लस तर दरवर्षी मिळालेली असते, चिपचा मात्र कधी विचारच झालेला नसतो. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं. रेबीजविरोधी प्रतिपिंडांची पातळी दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवी. अहवाल चांगला आला तरी लगेच निघता येत नाही. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रेबीजचा विषाणू शरीरात दबा धरून बसलेला असला, तर तो या काळात बहुधा डोकं वर काढतो, असा हा हिशोब. लस पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय देता येत नाही. त्यामुळे जवळजवळ सात महिन्यांचं होईपर्यंत भारतातलं पिल्लू फिनलंडला नेताच येत नाही. नोकरीचं पत्र हातात आल्यावर 'महिन्याभरात निघू' म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी मांडलेलं बरं. रक्ततपासणी एकदा पार पडली की ती पुढेही चालते, अट एकच: नंतरची लस आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी टोचलेली हवी.

शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं लागतं आणि सहीपासून दहा दिवसांच्या आत युरोपच्या दारात पोचावं लागतं. केंद्र सरकारच्या पशु संगरोध सेवेचं कार्यालय मुंबईत आहे, तिथे एकदा तरी जावं लागतं. मालकाने कुत्र्याच्या पाच दिवस मागेपुढे प्रवास केला तरच हा घरगुती प्रवास ठरतो, नाहीतर तो व्यापार मानला जातो आणि नियम आणखी कडक होतात.

याशिवाय फिनलंडची एक खास अट आहे. जर्मनी किंवा फ्रान्सला निघालेल्या कुत्र्याला ती लागू नाही. देशात शिरण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यकाने कुत्र्याला जंताचं औषध द्यायचं आणि तारखेबरोबर वेळही प्रमाणपत्रावर लिहायची. हा जंत म्हणजे कोल्ह्याच्या पोटात राहणारा एक पट्टकृमी. कुत्रा उंदीर खातो, जंत त्याच्या पोटात जातो, अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, तिथून रानफळांवर. माणसाच्या पोटात ही अंडी गेली, की यकृतात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते आणि ती कर्करोगासारखी पसरते. फिनलंड, नॉर्वे, आयर्लंड आणि माल्टा यांनी हा जंत अजून बाहेर ठेवला आहे. स्वीडनमध्ये तो २०११ मध्ये सापडला आणि त्यांचं जंतमुक्त देशाचं बिरुद गेलं. फिनलंडमध्ये कुणीही कुणाच्याही रानात शिरून जांभळ्या बेऱ्या आणि लाल लिंगनबेऱ्या वेचू शकतं, तो तिथल्या रहिवाशांचा परंपरागत हक्क. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा देश बादल्या घेऊन रानात असतो आणि बेऱ्या तिथल्या तिथे तोंडात टाकतो. त्या बेऱ्यांवर कोल्ह्याचा जंत येऊ नये म्हणून मोतीने मुंबईतच गोळी खायची. विमान रद्द होऊन १२० तास उलटले, तर गोळी पुन्हा.

विमानप्रवासाबद्दल थोडक्यात. पिंजऱ्यासकट आठ किलोपर्यंतचं छोटं कुत्रं अनेक कंपन्या केबिनमध्ये घेतात. मोती वीस किलोचा, म्हणजे तो खाली, सामानाच्या पण हवा आणि तापमान राखलेल्या कप्प्यात. पिंजऱ्यात त्याला उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. झोपेचं औषध देऊ नये; उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पिंजऱ्याची सवय मात्र महिनाभर आधीपासून लावावी, त्यातच जेवण, त्यातच दुपारची झोप. पग आणि बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री बऱ्याच कंपन्या नेतच नाहीत. त्यांना आपल्या उन्हाळ्यात श्वास पुरत नाही, कप्प्यात काय पुरणार? पिशवीत मोतीचं आवडतं मांसाचं खाद्य घेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. त्यात साजूक तूपही आलं, पण ते दुःख मोतीचं नव्हे.

आता थंडी. हेलसिंकीचा हिवाळा म्हणजे सतत उणे तीस असं नाही. समुद्रामुळे जानेवारी-फेब्रुवारीत सरासरी तापमान उणे चार-पाचच्या आसपास असतं. उणे वीसचे दिवस येतात आणि जातात. तरी मोतीसाठी तेवढं पुष्कळ. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, खालचा मऊ लोकरीसारखा. आपल्या गावठी कुत्र्यांना किंवा कारवानी, म्हणजे मुधोळ, कुत्र्यांना तो जवळजवळ नसतोच. कारवानीच्या अंगावर तर चरबीही नावाला. त्यांना आत उबदार आणि वर पाणी न शिरणारा, पोटाखालीही झाकणारा कोट लागतो. उभ्या कानांची टोकं, शेपटीचं टोक आणि पोट आधी गारठतं. मोती थरथरू लागला, पाय आळीपाळीने उचलू लागला, की फेरी संपली असं समजायचं.

पंजे मात्र आपण समजतो त्यापेक्षा चिवट. पंज्यातल्या धमन्या आणि शिरा एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे थंड रक्त परत वर जाताना खाली येणाऱ्या रक्ताची ऊब घेतं. हे काही वर्षांपूर्वी जपानी संशोधकांनी दाखवलं. बर्फावर चालून पंजे लगेच गोठत नाहीत ते यामुळे. खरा त्रास बर्फाचा नाही, बर्फावर जे टाकतात त्याचा. रस्त्यावर मीठ, फुटपाथवर बारीक धारदार खडी. मीठ भेगांत झोंबतं आणि घरी येऊन मोती पंजे चाटतो तेव्हा पोटातही जातं. म्हणून दाराशी कोमट पाण्याचं घमेलं आणि फडकं. बूटही मिळतात. ते पहिल्यांदा घातले, की मोती नव्या करकरीत कोल्हापुरी घातलेल्या माणसासारखा पाय उचलून-उचलून टाकतो. चार दिवसांत सवय होते, किंवा बुटांचा एक जोड बर्फात हरवतो.

अंधार हा थंडीपेक्षा मोठा विषय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हेलसिंकीत दिवस सहा तासांपेक्षा लहान. सकाळची फेरी अंधारात, संध्याकाळची अंधारात, रात्रीची तर अंधारातच. पायी चालणाऱ्याने काळोखात प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावावी, असा तिथला नियमच आहे. कुत्र्यांच्या गळपट्ट्यांवर छोटे दिवे लुकलुकतात. वस्तीत कुत्रा पट्ट्यावरच हवा.

घरातला धोका मात्र बहुतेक मराठी घरांना ठाऊकच नसतो. त्याचं नाव झायलिटॉल. बर्चसारख्या झाडांपासून मिळणाऱ्या या गोडीने दात किडत नाहीत, हे १९७० च्या दशकात फिनलंडच्याच तुर्कू विद्यापीठातल्या अभ्यासाने जगापुढे आलं. तेव्हापासून फिनलंड झायलिटॉलचा देश आहे. मुलं पाळणाघरात जेवणानंतर झायलिटॉलच्या गोळ्या चघळतात, पाहुण्यांच्या पर्समध्ये च्युइंगम असतंच. कुत्र्याला मात्र हे विष आहे. माणसात काही होत नाही, पण कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिन एकदम उसळतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, पुढे यकृतही जाऊ शकतं. वजनाच्या दर किलोला ०.१ ग्रॅम एवढंसं झायलिटॉल साखर पाडायला पुरेसं. मुलाच्या दप्तरातलं पाकीट मोतीने फाडलं, तर 'बघू सकाळी' म्हणायचं नाही.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगायचं, कुत्रा भारतातून आलाय. आपल्याकडचा गोचीड-ताप कधी कधी वर्षं-वर्षं शरीरात गुपचूप असतो आणि वजन उतरणं, नाकातून रक्त अशा रूपात उशिरा दिसतो. फिनलंडच्या पशुवैद्यकाला हा आजार रोज दिसत नाही. निघण्यापूर्वी भारतात त्यासाठी रक्त तपासून अहवाल बरोबर नेलेला बरा. फिनलंडच्याही गोचिडी असतात, वेगळ्या जातीच्या, वेगळे आजार देणाऱ्या. उपचार महाग. माणसांसारखी सरकारी आरोग्यसेवा कुत्र्यांना नाही, म्हणून विमा काढतात. चिप आणि राष्ट्रीय नोंदवहीत नाव २०२३ पासून सक्तीचं आहे.

एवढं सगळं जमलं, तरी खरा बदल अजून राहिलाच. पुण्यात मोतीच्या दिवसात माणसं किती असतात? आजी पोळी टाकते, कामाच्या मावशी सकाळी येऊन त्याच्याशी बोलतात, खाली वॉचमनकाका, इस्त्रीवाला, पलीकडच्या इमारतीतली मुलं, फाटकाबाहेरची कुत्री. मोती एका घरातला नसतो, सगळ्या सोसायटीचा असतो. फिनलंडमध्ये नवरा-बायको आठला बाहेर पडतात आणि पाचला येतात. मधल्या नऊ तासांत दारावर कुणी टकटक करत नाही, खिडकीतून फारसा आवाज येत नाही, बाहेर मोकाट कुत्रा नाहीच. चार वर्षांच्या मोतीला आयुष्यात पहिल्यांदा रिकामं घर कळतं. तो रडतो, भुंकतो, दार ओरबाडतो. पुण्यात ज्या भुंकण्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याबद्दल हेलसिंकीत जिन्यात चिठ्ठी चिकटते. शेजारच्या स्वीडनने तर नियमच केलाय की कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं.

यावर उपाय आहेत आणि ते पुण्यात असतानाच सुरू करायचे असतात. मोतीला आधी पाच मिनिटं, मग वीस, मग तासभर एकटं ठेवणं. आजी घरात असताना हे अवघड जातं, कारण आजीला ते निर्दयी वाटतं. तिकडे दिवसाचं पाळणाघर, दुपारी फिरवणारं कुणी, घरून काम करण्याचे दोन दिवस. रस्त्यावर मोती दिसेल त्या कुत्र्याकडे धावतो. फिनलंडमध्ये पट्ट्यावरची कुत्री सहसा एकमेकांना भेटत नाहीत, शेजारून निमूट पुढे जाणं हा तिथे शिकवायचा धडा असतो. भेटायला कुंपणाची मैदानं आहेत, बऱ्याच ठिकाणी लहान-मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळी. हेलसिंकीतल्या राजासारी बेटावरचं मैदान तर समुद्राला लागून, उन्हाळ्यात पोहण्यासाठी नामी. ट्राम-मेट्रोत कुत्र्याला तिकीट नाही. मैदानात मोतीची ओळख होते, मालकांची त्याच्यामागून.

आणि हे मी स्पष्ट लिहीन: दहा-अकरा वर्षांचा मोती, ज्याचं सगळं जग आजी आणि तिचा ओटा आहे, त्याला नेऊ नये. आजी-आजोबांचं वय आणि शक्ती पाहून, त्यांच्या होकाराने त्याला तिथेच ठेवणं हा त्याग नव्हे, की फसवणूकही नव्हे. तरुण, धडधाकट, नव्या जागेत चटकन रुळणारा कुत्रा असेल, तर मात्र नेल्याने फारसं बिघडत नाही.

त्याला एक नफाही होतो. दिवाळीत चार-पाच दिवस पलंगाखाली लपणाऱ्या मोतीला फिनलंडमध्ये फटाक्यांची रात्र वर्षातून एकदाच: ३१ डिसेंबरला संध्याकाळी सहा ते पहाटे दोन. त्याबाहेर उडवायचे तर परवानगी लागते. आठ तास पडदे ओढून, रेडिओ मोठा करून त्याच्याशेजारी बसलं की झालं.