लॉटरीचा ज्वर आणि धनाचा विनियोग

धनाची इच्छा सर्व देशांत व सर्व काळी मनुष्याच्या ठायी आढळते. परंतु श्रम नाहीत, व्यापार नाही, वारसा नाही, केवळ कागदाच्या एका तुकड्यावर कोट्यधीश होण्याची आशा जेव्हा सबंध राष्ट्राच्या मनात एकाच वेळी संचरते, तेव्हा तिला इच्छा न म्हणता ज्वर म्हणणेच योग्य. असा ज्वर जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत चढला होता. 'पॉवरबॉल' नावाच्या लॉटरीचे पहिले बक्षीस सोडतीमागून सोडत कोणासच न लागल्यामुळे वाढत वाढत १५८ कोटी ६० लाख डॉलरांवर गेले. तिकिटाची किंमत मात्र अवघी दोन डॉलर. अखेर १३ जानेवारीच्या सोडतीत कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा व टेनेसी या तीन संस्थानांत विकल्या गेलेल्या तीन तिकिटांत ते बक्षीस विभागले गेले, आणि बाकीच्या कोट्यवधी तिकिटांपैकी बहुतेकांची रद्दी झाली.

या खेळाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. १ ते ६९ या अंकांतून पाच आणि १ ते २६ या अंकांतून एक, असे सहा अंक जुळावे लागतात. अशा जुळण्या एकंदर २९ कोटी २२ लाख १ हजार ३३८ होतात. एखाद्याने दर सेकंदास एक जुळणी, अन्नपाणी व झोप सोडून, लिहीत राहावयाचे म्हटले तर त्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल; आणि त्या सर्वांत बक्षिसाची जुळणी एकच! ऑक्टोबर २०१५ पूर्वी ही संख्या सुमारे १७ कोटी ५२ लाख होती. चालकांनी अंकांची रचना बदलून ती मुद्दाम वाढविली. यातील मर्म असे की, बक्षीस लागणे जितके दुर्घट, तितकी रक्कम साचत जाते. रक्कम साचली म्हणजे तिचा गाजावाजा होतो. आणि गाजावाजा झाला म्हणजे एरवी तिकिटाकडे ढुंकूनही न पाहणारा मनुष्य रांगेत येऊन उभा राहतो. अर्थात हा ज्वर आपोआप येत नाही. तो यावा अशी तजवीज केलेली असते. शिवाय जमलेल्या पैशाचा सुमारे अर्धाच भाग बक्षिसांच्या रूपाने परत जातो. उरलेला संस्थानांच्या तिजोरीत, विक्रेत्यांच्या अडतीत व व्यवस्थेत खर्ची पडतो.

लॉटरी ही काही आजची वस्तू नव्हे, आणि ख्रिस्ती राष्ट्रांनी ती सदैव निषिद्ध मानली असेही नव्हे. १६१२ साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने व्हर्जिनियातील वसाहतीच्या मदतीसाठी लॉटरी काढण्याची परवानगी दिली. १८१७ साली कलकत्त्यास खास 'लॉटरी कमिटी' नेमली गेली व तिच्या पैशातून शहरात रस्ते झाले. मुंबईचा टाऊन हॉल बांधतानाही लॉटरीचा आधार घेण्यात आला; तो पुरा पडला नाही, व शेवटी सरकारनेच भर घालून १८३३ मध्ये ते काम तडीस नेले. इंग्लंडात १८२६ मध्ये सरकारी लॉटरी बंद पडली, ती १९९४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे केरळने १९६७ साली व महाराष्ट्राने १९६९ साली सरकारी लॉटरी काढली. लोकहिताचे निमित्त प्रत्येक वेळी पुढे केले जाते, हे या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग ख्रिस्ती धर्माचे यावर म्हणणे काय? पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या टाकल्याचे उल्लेख आहेत. यहूदाच्या जागी मथ्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. परंतु तेथे प्रार्थना करून देवाची इच्छा जाणावयाची होती; कोणाचे द्रव्य घ्यावयाचे नव्हते. लाभासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्या वधस्तंभापाशी बसलेल्या शिपायांनी, ख्रिस्ताच्या अंगरख्याकरिता. लॉटरीचे नाव घेऊन केलेली आज्ञा शास्त्रात कोठेही नाही. म्हणून ख्रिस्ती मंडळ्यांत या बाबतीत एकमत नाही. रोमन कॅथलिक मंडळीने १९९२ च्या आपल्या धर्मशिक्षणग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, दैवाधीन खेळ स्वभावतः अन्यायाचे नव्हेत. परंतु स्वतःच्या अथवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला की ते नीतीस सोडून होतात. मेथडिस्ट पंथाने मात्र परंपरेने जुगारास विरोध केला आहे.

या विरोधाचे मूळ जॉन वेस्ली याच्या शिकवणुकीत सापडते. धनाच्या उपयोगावर त्याचे एक प्रसिद्ध प्रवचन आहे. त्यात तीन नियम सांगितले आहेत: शक्य तितके मिळवावे, शक्य तितके वाचवावे, आणि शक्य तितके द्यावे. पहिलाच नियम ऐकून पुष्कळांस आनंद होतो. परंतु त्यास एक कडक अट आहे. मिळविताना आपल्या शरीराची, आत्म्याची किंवा शेजाऱ्याची हानी होता कामा नये. ही कसोटी लावली म्हणजे जुगाराचे स्वरूप उघडे पडते. व्यापारात घेणाऱ्यास माल व देणाऱ्यास दाम मिळतो, आणि दोघांचे काम होते. लॉटरीत एकाचा लाभ हा लक्षावधींच्या तोट्यावाचून संभवतच नाही. ते तिकीट खुशीने घेतात हे खरे. परंतु हरावयाच्या खुशीने कोणीही घेत नाही.

वेस्लीने दुसऱ्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब दिला आहे, आणि तो तरुण स्वतः वेस्लीच असे सामान्यतः समजले जाते. त्याची प्राप्ती वर्षास ३० पौंड होती. २८ पौंडांत निर्वाह करून त्याने दोन पौंड दान केले. प्राप्ती ६० झाली, तरी खर्च २८ च, व दान ३२. पुढे ९० झाली तेव्हा दान ६२, आणि १२० झाली तेव्हा ९२. उत्पन्न चौपट झाले, गरजा होत्या तेवढ्याच राहिल्या. "बक्षीस लागले तर निम्मे देवाच्या कामी लावीन," असे मनाशी म्हणणाऱ्या भाविकास हा हिशेब उत्तर देतो. जो दोन पौंड देतो, तोच पुढे ब्याण्णव देतो. दातृत्व हे प्राप्तीबरोबर अकस्मात येत नसते.

अशा भाविकांपुढे एक खरे उदाहरण आहे. २००२ च्या डिसेंबरात पश्चिम व्हर्जिनियातील एका ठेकेदारास ३१ कोटी ४९ लाख डॉलरांचे बक्षीस लागले. मनुष्य अगोदरच सुखवस्तू व चर्चला जाणारा. त्याने दशांश चर्चच्या कामी दिला व धर्मादाय संस्थाही स्थापिली. परंतु थोड्याच वर्षांत चोऱ्या, दावे, व्यसने व घरातील मृत्यू यांनी त्याचे जीवन उद्ध्वस्त झाले; तिकीट फाडून टाकले असते तर बरे होते, असे त्याने पुढे बोलून दाखविले. प्रत्येक विजेत्याची अशीच गत होते असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. तथापि दशांश दिल्याने उरलेले नऊ हिस्से आपोआप पचतात हा समज चुकीचा, एवढे यावरून दिसते. त्याच हिवाळ्यात फ्लॉरिडातील नेपल्स येथील मुक्तिफौजेने दुसऱ्या एका विजेत्याने देऊ केलेले एक लाख डॉलर परत केले. जुगाराने बेघर झालेली कुटुंबे ज्या दारी आश्रयास येतात, त्या दारी जुगाराचाच पैसा कसा घ्यावा, हा तिच्या अधिकाऱ्यापुढचा प्रश्न होता. एवढ्या रकमेत किती भुकेल्यांची सोय झाली असती, हे त्यास ठाऊक नव्हते असे नाही.

ख्रिस्ताच्या शिकवणुकीत मनुष्य हा धनाचा स्वामी नसून कारभारी आहे. तालांतांच्या दाखल्यात धन्याने चाकरांकडून हिशेब मागितला, तो त्यांनी सोपविलेल्या रकमेचे काय केले याचा. अधिक रक्कम का मिळाली नाही, याचा नव्हे. जक्कयाने निम्मे द्रव्य दरिद्र्यांस देण्याचे व लुबाडलेले चौपट फेडण्याचे कबूल केले, तेव्हा त्याच्या घरास तारण लाभले. विधवेच्या दोन टोल्या सर्वांत मोठे दान ठरल्या. उलट कोठारे मोठी बांधण्याच्या बेतात असलेला श्रीमंत त्याच रात्री मरण पावला.

महाराष्ट्रासही अशी उदाहरणे परकी नाहीत. देशोदेशींच्या देणगीतून आलेला पैसा पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ मुली व विधवा यांच्या पोषणास आणि शिक्षणास लावला, व स्वतः साधेपणाने राहिल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली. दोघांच्याही हाती अकस्मात घबाड आले नव्हते. जे आले त्याचा विनियोग त्यांनी जाणला होता.

तिकीट काढणारा बहुधा लोभी नसतो. तो अडचणीत असतो. मुलीचे लग्न, डोक्यावरचे कर्ज, घरातील दुखणे यांतून सुटण्याची वाट त्यास दुसरीकडे दिसत नाही. म्हणून त्याचा केवळ निषेध करणे हे ख्रिस्ती वृत्तीस शोभणारे नव्हे. ज्या मंडळीत गरजूस शेजाऱ्याचा हात वेळेवर मिळतो, तेथे त्यास सोडतीच्या अंकांकडे डोळे लावून बसावे लागत नाही. लॉटरीच्या ज्वरावर खरा उतारा हाच होय. आणि त्यासाठी लागणारे धन पुष्कळ घरांत आजही, कोणतीही सोडत न होता, पडून आहे.