भीमा खोरे : नकाशा आणि हिशेब

एखाद्या संस्थेची जमा एका कार्यालयात, खर्च दुसऱ्या आणि शिल्लक तिसऱ्याच कार्यालयात लिहिली जात असेल, तर तिचा ताळेबंद कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही. आपल्या नद्यांचे दप्तर मात्र असेच आहे. पाऊस मोजायचा महसूल मंडळानुसार, ऊस तालुकावार, धरणाचा साठा प्रकल्पवार आणि भूजल पाणलोट क्षेत्रानुसार! ही दप्तरे एका खोऱ्याच्या सीमेत आणून बसविण्याचे काम भौगोलिक माहिती प्रणाली हे संगणकीय साधन करू शकते. तिचे रंगीत नकाशे पाहून हरखणारे पुष्कळ आहेत. पण तिचे मोल या हिशेबात आहे.

तिची रीत समजण्यास अवघड नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली. ते आकडे आज सुमारे तीस मीटरच्या चौकोनांत विनामूल्य मिळतात. प्रत्येक चौकोनाचे पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या चौकोनात जाते, असे मानून संगणक बेरीज करीत जातो. बेरजा वाढल्या की ओढे दिसू लागतात, ओढ्यांची नदी होते आणि तिची पाणलोट रेषा आपोआप आखली जाते. तिच्यावर जमिनीचा प्रकार, पिके आणि पाऊस यांचे थर चढविले की कोणत्या भागातून किती पाणी वाहून येईल, याचा अंदाज बांधता येतो.

भीमेच्या खोऱ्यात मात्र या अंदाजाची खरी परीक्षा होते. लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरील पुण्यात सुमारे ७०० आणि सोलापूरकडे त्याहूनही कमी. अशा प्रदेशात चार-दोन पर्जन्यमापकांची सरासरी काढून खोऱ्यावर पसरविणे म्हणजे गिरणीमालक आणि हमाल यांच्या उत्पन्नाची सरासरी काढून दोघांनाही मध्यमवर्गीय ठरविणे होय.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. संगणकाला उतार दिसतो, बोगदा दिसत नाही. त्याच्या हिशेबी मुळशीचे पाणी मुळा नदीने पुण्याकडे आणि पुढे भीमेला जाते. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून भिरा येथील वीजगृहात उतरतो आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळतो. लोणावळा, वळवण, शिरवटा आणि ठोकरवाडी या तलावांचे पाणीही खोपोली व भिवपुरी येथे असेच खाली उतरविले जाते. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. वळविलेल्या पाण्याचा प्रश्न पुढे उभा राहिला. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यावर तो सोलापूर जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आला. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट. ते भरावे कशाने, हा तुटीच्या वर्षी नित्याचा वाद. वीज मुंबईला, तहान सोलापूरला, ही मांडणी टाळ्या मिळवते. परंतु वळविलेल्या प्रत्येक घनमीटरामागे किती वीज निर्माण झाली आणि तेच पाणी पूर्वेकडे कोणत्या पिकाला मिळाले असते, हे शेजारी-शेजारी मांडल्यावाचून तिला अर्थ नाही.

कारण खर्चाची बाजूही निरागस नाही. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची छायाचित्रे २००८ पासून सर्वांना मोफत खुली आहेत. ज्वारीची शिवारे उघडी पडल्यावर एप्रिल-मे महिन्यांत जे क्षेत्र हिरवे दिसते, ते बहुधा ऊस किंवा फळबागा. सालोसालची चित्रे एकावर एक ठेवली की पाण्याची मागणी कोठे आणि कशी सरकत गेली, हे दिसते. पश्चिमेकडे जाणाऱ्या पाण्याविषयी बोलणाऱ्यांनी हे चित्रही पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सोलापूर-पुण्याच्या महाविद्यालयांतील भूगोलाचे विद्यार्थी हे काम करू शकतील. उंचीचे आकडे मोफत, छायाचित्रे मोफत, क्यूजीआयएससारखी प्रणालीही मोफत. आकाशातून मिळणारे सर्व हाताशी आहे. मात्र बोगद्याच्या तोंडाशी रोज किती पाणी वळविले आणि कालव्याच्या मुखाशी किती सोडले, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. ते नोंदवहीत असते. या दोन्ही नोंदी, वीजकंपनीच्या आणि पाटबंधारे खात्याच्या, दरमहा एकाच ठिकाणी प्रसिद्ध व्हाव्यात. कालवा सल्लागार समिती आवर्तनाचा निर्णय घेते तेव्हा धरणाच्या टक्केवारीबरोबर हे पानही तिच्यासमोर असावे आणि त्याची प्रत कालव्याच्या टोकाच्या गावातील चावडीवर लावावी.