भोक पाडले तर कुंडी, नाहीतर डासांचे घर

लोंढ्याहून धारवाडला जाताना अळणावर जंक्शन लागते आणि दांडेलीचा फाटा इथूनच फुटतो. गोव्याहून परतणारी मंडळी, सुट्टीतले पाहुणे, मुलांचे वाढदिवस अशा निमित्तांनी इथल्या घरांत शीतपेयांचे रिकामे कॅन जमतात आणि भंगारवाला येईपर्यंत परसात पडून राहतात. उन्हाळ्यात त्याचे काही वाटत नाही. पण मलनाडाच्या उंबरठ्यावरच्या या गावात पाऊस लागला की त्याच डब्यांत पाणी साचते. मग डास म्हणा की सोळ्ळे, त्यांची सोय होते.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला वाटीभर साचलेले पाणी पुरते. उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडता डास तयार होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केले. तेव्हा डासांची पैदास होऊ देणाऱ्या घरमालकांसाठी शहरात ४०० आणि ग्रामीण भागात २०० रुपये दंडही ठरला. तोच डबा माती भरून खिडकीत ठेवला तर त्याची छान छोटी कुंडी होते. अट एकच, पाणी खाली निघून गेले पाहिजे.

आधी कॅन धुऊन घ्यावा. झाकण कात्रीने कापू नये, पत्र्याची धार बोटाला लागते. अंगणातल्या खडबडीत दगडावर कॅन उलटा धरून गोल गोल घासावा. कडेची घडी झिजली की झाकण अलगद सुटते. निघालेला चुरा धुऊन टाकावा आणि कड पॉलिश पेपरने घासून घ्यावी. हे काम मोठ्यांनीच करावे. रंगवायचे काम मुलांना द्यावे.

आता भोके. बहुतेकजण तळाच्या मध्यभागी खिळा ठोकतात आणि तिथेच फसतात. कॅनचा तळ मधोमध आत फुगलेला असतो, त्यामुळे पाणी कडेच्या खोबणीत साचून राहते आणि मुळे कुजतात. म्हणून तळापासून अर्ध्या बोटावर, कडेच्या पत्र्याला चारही बाजूंनी बारीक खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत. तळाशी मूठभर बारीक खडी घालून खोबण भरून काढावी.

आपल्याकडची तांबडी माती नुसती भरली तर घट्ट बसते. नवलगुंदकडची काळी माती तर पाणी धरूनच ठेवते. तेव्हा दोन वाट्या मातीला एक वाटी शेणखत आणि एक वाटी वाळू असे मिश्रण करावे. ३३० मिलीलीटरच्या कॅनमध्ये माती थोडीच मावते. त्यामुळे मनी प्लांट, स्पायडर प्लांट, कोरफडीचे (लोळेसर) पिल्लू अशी सोशिक रोपे निवडावीत. पानओव्याची, म्हणजे दोड्डपत्रेची फांदी यात चटकन रुजते. वाढली की अंगणात लावावी. तुळशीची जागा मात्र वृंदावनातच.

पातळ पत्रा उन्हात लवकर तापतो. म्हणून पश्चिमेची खिडकी टाळावी. बोट घालून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. खाली बशी ठेवली असेल तर आठवड्याला ती रिकामी करून घासून पुसावी, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. नाहीतर डबा वाचवला आणि बशीत डास पाळले, अशी गत व्हायची.

वर्षभरात मुळे दाटली की रोप मोठ्या कुंडीत हलवावे आणि कॅन धुऊन भंगारात द्यावा. एक कॅन साधारण १४ ग्रॅमचा, म्हणजे सत्तरेक कॅन जमले की किलोभर अॅल्युमिनियम होते. शेजारच्या बेळगावात बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढण्याचा कारखाना आहे. पुढे त्याचा धातू करायला प्रचंड वीज खर्च होते. जुना पत्रा वितळवला तर जवळपास ९५ टक्के ऊर्जा वाचते. रंग लावलेला असला तरी भंगारवाला तो घेतो.

तेव्हा पावसाळ्याआधी एक रविवार काढा. परसातले डबे मोजा, खिडकीत मावतील तेवढ्यांना भोके पाडा आणि उरलेले त्याच दिवशी भंगारात द्या. उघड्यावर मात्र एकही राहू देऊ नका.