गाडी कितव्यात आहे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला दोन वाटांनी जाता येतं. एक वाट महामार्गावरच्या निवळी फाट्यावरून आत वळते, दुसरी आरे-वारेवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. ही किनाऱ्याची वाट साधारण २५ किलोमीटरची. तेवढ्यात ती खाडीच्या पुलापर्यंत उतरते, जांभ्याच्या कड्यावर चढते, पुन्हा वाळूच्या पातळीला येते आणि नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळ्यात शिरते. नुकता परवाना मिळालेल्या माणसाचा डावा हात इथे गिअरच्या दांडीवरून हलत नाही, आणि नजर पुन्हा पुन्हा मुठीकडे जाते. मुठीवर आकडे असतात खरे, पण कुठला गिअर कुठे पडतो एवढंच ते सांगतात. आत्ता या घटकेला गाडी कितव्यात आहे, हे मुठीला विचारून कळत नाही. वळणावर खाली बघणं तर धोक्याचंच.

हे ओळखावं कसं, ते मला स्टिअरिंगमागे बसून जेवढं कळलं त्याहून जास्त रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं. आरे-वारेच्या चढावर, जिथून खालचा किनारा एका नजरेत येतो आणि लोक फोटोसाठी थांबतात, तिथे समुद्राकडे पाठ करून फक्त गाड्या ऐकायच्या. खालून येणाऱ्या गाडीचा आवाज वाढत जातो. मग क्षणभर पोकळी पडते. तो क्लच. त्यानंतर इंजिन आधीपेक्षा खालच्या सुरात लागलं तर वरचा गिअर पडला, वरच्या सुरात लागलं तर खालचा. ही खूण एकदा कानात बसली की गाडी दिसायच्या आधीच चालवणाऱ्याचा हात कळू लागतो. मुरलेला चालक चढ सुरू व्हायच्या थोडं आधीच खालचा गिअर टाकतो. पोकळी लहान असते आणि गाडी एका दमात वर येते. नवखा मात्र तिसऱ्यातच रेटत राहतो. आवाज जड होत जातो, ठोके सुटे सुटे ऐकू येतात, गाडी गचके खाते, आणि मग घाईघाईने दुसरा पडतो. तोवर मिळवलेला वेग गेलेला असतो. एसटीची पोकळी लांब असते. एवढी मोठी गाडी तेवढ्या वेळात मंदावणार, याचा अंदाज घेऊन तिचा चालक आधीच हात घालतो. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो. जुन्या बस-ट्रकना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश नसायचा, तेव्हा हेच लोक डबल क्लच मारून, मधे रेस देऊन, दात्यांचा वेग कानाने जुळवून गिअर टाकत.

कानाला जे कळतं त्यामागचं गणित सोपं आहे. लहान पेट्रोल हॅचबॅक ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे असं धरा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २८०० फेरे घेईल, तिसऱ्यात १९००, चौथ्यात १४००, पाचव्यात जेमतेम ११००. मॉडेलगणिक आकडे थोडे हलतील, क्रम हलणार नाही. म्हणजे वेग ठाऊक असेल आणि आवाज ऐकू येत असेल, तर गिअर लपून राहूच शकत नाही. ४० ला इंजिन ओरडतंय म्हणजे दुसरा, निवांत गुणगुणतंय म्हणजे तिसरा, थरथरतंय म्हणजे पाचवा तसाच राहून गेलाय. समोर फेऱ्यांचा काटा असेल तर शिकताना काही दिवस तो आणि वेगाचा काटा जोडीने वाचावा. पुढे काट्याची गरज उरत नाही.

पण याच रस्त्यावर कान हरतात. काच खाली केली की समुद्रावरचा वारा एवढा घुसतो की इंजिन ऐकूच येत नाही. काच वर घेतली की एसी आणि गाणी. मग कामाला येतो पाय. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबल्याबरोबर गाडी पुढे झेपावली तर गिअर खालचा आहे. दाबला, पण पाठीला काहीच जाणवलं नाही, तर वरचा. पाय उचलून पाहिलं तर खूण आणखी पक्की होते: दुसऱ्यात गाडी लगेच मागे ओढल्यासारखी मंदावते, चौथ्या-पाचव्यात आपल्याच नादात वाहत राहते.

हातालाही बरंच कळतं. बहुतेक गाड्यांत पहिला, तिसरा, पाचवा पुढे पडतात. दुसरा आणि चौथा मागे. दांडी पुढे असेल तर या तिघांपैकी एक, आणि त्यातला कुठला हे बहुधा वेगच सांगतो. शिवाय दांडीला आत स्प्रिंग असते. न्यूट्रलमध्ये हात सोडला की ती आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या रेषेत येऊन उभी राहते. म्हणून तिसरा टाकताना तिला डावी-उजवीकडे ढकलूच नये, सरळ पुढे न्यावी. नवशिके मूठ घट्ट आवळतात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नेमके पुन्हा पहिल्याच्या तोंडाशी पोहोचतात. उघड्या तळव्याने ढकललं तर स्प्रिंग स्वतःच वाट दाखवते.

या सगळ्याची खरी किंमत उतारावर कळते. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हे घाटातल्या चालकांचं जुनं सांगणं. कोकणात उतरणारा, मग तो आंबा घाटातून येवो की कुंभार्ली घाटातून, हे पाळतो तेव्हा इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि तापत गेले की पकड सुटू लागते. काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरतात. हे मला अजिबात मान्य नाही. त्यात इंजिनाची पकड जातेच, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत बचतही होत नाही: गिअरमध्ये असताना उतारावर पाय उचलला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

गिअर कितवा हे पूर्वी गाडी स्वतः सांगत नसे. जुन्या प्रीमियर पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे. फेऱ्यांचा काटा नाही, गिअरचा आकडा दाखवणारा पडदा नाही. आता पुष्कळ गाड्यांत आकडा समोर उमटतो, वर चढवा की खाली उतरवा याचा बाणही येतो. २०१४ साली सेलेरिओबरोबर लहान गाड्यांत एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा, आली आणि क्लचचं पॅडलच गेलं. सोय चांगलीच आहे. गुडघेदुखीच्या माणसाला तर मोठाच आधार. फक्त तो बाण मागच्या क्षणाच्या वेगावर आणि फेऱ्यांवर चालतो, पुढचं वळण त्याला दिसत नाही. चढाच्या तोंडाशी तो वरचा गिअर सुचवतो तेव्हा मी त्याचं ऐकत नाही.

कान आणि पाय दोन्ही गप्प बसतात अशी एकच वेळ असते: इंजिन बंद असताना. अंगारकीला किंवा माघी गणेशोत्सवात गणपतीपुळ्यात गाडी मिळेल तिथे, बऱ्याचदा चढउतारावरच लावावी लागते. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकून, हँडब्रेक ओढून जायचं. डोंगराची प्रदक्षिणा, दर्शन, समुद्रावर पाय ओले करणं, यात दोन तास सहज जातात, आणि परतल्यावर गाडी कितव्यात ठेवली होती हे आठवेलच असं नाही. किल्ली फिरवण्याआधी ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबावा, दांडी मधे आणून डावी-उजवीकडे हलवून बघावी. मोकळी हलली तर न्यूट्रल. अडली तर अजून गिअर आहे, आणि मागे-पुढे माणसं उभी आहेत.